दिवाळीपर्यंत चालतील

हनुमंतनं ऑइलची पट्टी उपसली, पुसायला फडकं शोधलं, सापडलं नाही, तेव्हा हातातल्या कार्डानंच पुसून टाकली.

"दादा, अहो कार्ड आहे ते!" स्वरूप टेबलामागून ओरडला.

"मग? वाचणारे का कुणी? मी निदान वापरलं तरी."

स्वरूप म्हणजे गॅरेजमालकाचा जावई. पुण्यात तीन महिन्यांचा कसला तरी कोर्स केला आणि भोरला येताना हे कार्डाचं खूळ घेऊन आला. दोन प्रती, एक गिऱ्हाइकाला, एक आपल्याला. वर केलेलं काम, खाली मोठा चौकोन. त्यावर छापलेलं, 'पुढे लागणारी कामे'. चौकोन रिकामा सोडायचा नाही. सोडला की स्वरूप कार्ड घेऊन परत हजर, पेपर तपासणाऱ्या मास्तरासारखा.

हनुमंतला ह्या सगळ्याची कीव यायची. अठरा वर्षं त्यानं ह्या भागातल्या गाड्यांखाली पाठ घासली होती. इथल्या लोकांना आज काय झालंय तेच धड सांगता येत नाही. 'कायतरी वाजतंय' म्हणतात. कुठं वाजतंय विचारलं तर म्हणतात, 'गाडीत'. पानशेतकडचे बंगलेवाले त्याहून भारी, मोबाईलवर बघून येतात आणि त्यालाच शिकवतात. असल्यांना पुढचं लिहून द्यायचं? कार्डाची घडी घालून दात कोरतील, दुसरं काय करणार.

म्हणून त्यानं एक ओळ पक्की करून टाकली होती. पावसाळ्यात येईल त्या गाडीला तीच. 'ब्रेक लायनर दिवाळीपर्यंत चालतील, मग बदलणे.' चाकं खोलून बघायची तर अर्धा तास मोडतो. ओळ खरडायला दहा सेकंद. चौकोन भरला, स्वरूप खूश. आणि गिऱ्हाईक? त्याला अक्षर दिसलं की जांभई येते.

तेवढ्यात दारात एक जीप थांबली. थांबली ती लोखंडावर लोखंड खरवडत. पलीकडच्या टपरीवरच्या लोकांनी माना वळवल्या. आतून पासलीचा गेनबा उतरला. साठीचा माणूस, वेल्हे-पासली वडाप करायचा, माणशी भाडं घेऊन जीपमधनं सीटा न्यायचा.

"काय गेनबाकाका, ब्रेक लावला का विळ्याला धार लावली?"

गेनबा ओशाळून हसला. "लवकर आलो का ओ मेस्त्री? दिवाळीला अजून आठ दिस हायेत."

"त्याचा काय संबंध?"

"न्हाई, थांबनारच हुतो. पर आता लईच वरडाया लागलीया."

"कधीपासनं?"

"दसऱ्यापासनं."

"दसऱ्यापासनं!" हनुमंतनं पाना खाली आपटला. "आणि माणसं भरून घाट उतरताय? डोकं हाय का खोकं? वेल्ह्यात कुणाला दाखवायचं तरी."

"दावलं की. त्यो म्हनला, आत्ताच्या आत्ता बदला. म्या म्हनलं, गप ए. आमच्या मेस्त्रींनी लिवून दिलंय. तुला काय त्यांच्यापरीस जास्त कळतंय व्हय?"

गेनबानं खिशातनं प्लॅस्टिकची पिशवी काढली. पिशवीत कार्ड होतं. एक घडी नाही, एक डाग नाही.

"मला वाचाया येत न्हाई. सुनंकडनं वाचून घेतलं," तो म्हणाला. "सीटा कुरकुर करत्यात, आवाज येतो म्हून. मंग ह्ये दावायचं. वाचलं का गप बसत्यात."

हनुमंतनं कार्ड हातात घेतलं नाही. आपलं अक्षर त्याला लांबूनच ओळखू आलं.

तो जॅक लावायला बसला. मागचं चाक काढलं, ड्रम ठोकून सैल केला. लायनर राहिलंच नव्हतं. नुसतं लोखंड उरलं होतं आणि त्यानं ड्रमला बोट बसेल एवढी चरी पाडली होती. हनुमंतनं त्या चरीत अंगठा घातला आणि तसाच ठेवला.

गेनबा शेजारी उकिडवा बसला. "संपलं?"

"संपलं."

"बघा!" गेनबाचा चेहरा एकदम उजळला. "बरूबर दिवाळीच्या तोंडावं! आठ दिसाचा काय त्यो फरक. चाकाच्या आतलं चार म्हैने आदी कळतंय तुमाला. मानलं बुवा."

हनुमंतनं वर बघितलं नाही. चरीतनं अंगठा काढत म्हणाला, "काका, तिकडं अजून कुणाकडं हायेत ही कार्डं?"

"समद्यांकडं. म्याच धाडलं की तुमच्याकडं. धनाजीचा टेम्पो, अजितची जीप, संजय शाळंची पोरं नेतो त्याची गाडी. ब्रेकाला कुनी हात लावला न्हाई अजून. लिवल्यालं हाय म्हनल्यावर कोन लावतंय?"

हनुमंत उठून टेबलाशी गेला.

"स्वरूप, पावसाळ्यातल्या आपल्या प्रती काढ."

"आता का? तुम्हीच म्हणता, कुणी वाचत—"

"काढ म्हटलं ना!"

गठ्ठा समोर आला. एकाखाली एक तीच ओळ, तेच तिरकं अक्षर. बोटाचं ग्रीस कार्डांना लागत होतं. संजयचं कार्ड सापडल्यावर त्यानं त्यावरचा नंबर लावला. बाईनं उचलला.

"भोरच्या गॅरेजमधनं हनुमंत बोलतोय. संजय हायेत?"

"ते पोरं आनाया गेल्यात. शाळा सुटली ना. मोबाईल घरीच इसारलाय. काय काम हुतं?"

"त्यांना कसंबी करून निरोप द्या. गाडी तिथंच उभी करायची. ब्रेकचं—"

"आवो, म्हाईत हाय आमाला," बाई हसली. "तुमीच न्हाई का लिवून दिलंय? ध्यानात हाय त्यांच्या. दिवाळी झाली का येतीलच तुमच्याकडं. काळजी नगा करू."

आणि तिनं फोन ठेवला.