पाच हजार वॅटचा मामा

"पाच हजार वॅट!" हळदीच्या मांडवात हिरामणमामानं जाहीर केलं. "स्वराज माझा भाचा. तो मारुतीच्या पाया पडायला जाणार माझ्या गाडीतून, अन् नवरी घरी येणार तीबी माझ्याच गाडीतून. बँडवाल्याला नको म्हणून सांगितलंय मी. सटाण्याचे लोक कानात बोटं घालून नाचतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाशकात द्वारका चौकाजवळ, गाड्यांना साउंड बसवणाऱ्या छायाताईंनी मामाचं खोकं उलटं केलं आणि मागची बारीक अक्षरं वाचली.

"मामा, हा अॅम्प्लिफायर सलग देणार दोनशे वॅट. पाच हजार नुसते खोक्यावर."

"पण छापलंय ना!"

"छापायला काय जातंय? तुमचे दोन सबवूफर तीनशे-तीनशेचे. त्यांना खरे सहाशे पाहिजेत. दोनशेवाला पिळला की आवाज फाटतो, अन् वूफर जळतो. लाइट कमी असताना विहिरीवरची मोटर चालवली तर काय होतं?"

"जळते," मामा अभिमानानं म्हणाला. "आमच्या तीन जळल्यात."

ताईंनी खऱ्या सहाशेचा अॅम्प्लिफायर बसवला. दिसायला चपलांच्या खोक्याएवढा. मामाचं तोंड उतरलं. पण पहिला ठोका पडला, शेजारच्या टपरीवरचे चहाचे ग्लास किणकिणले आणि मामाची छाती पुन्हा फुगली. आवाजाच्या लेव्हलचा स्क्रू नेमका लावून ताईंनी कपाळावरची टिकली काढली आणि त्यावर चिकटवली.

"याच्यापुढं फिरवायचा नाही. टिकली निघाली तर माझ्याकडं यायचं नाही."

संध्याकाळी लग्नाला, नवरीच्या सटाण्याकडच्या गावात, स्वराजला घेऊन मामाची गाडी मारुतीच्या देवळाकडं निघाली. वऱ्हाड नाचत होतं, मामा स्टेअरिंगवरून हात वर करून सगळ्यांचे नमस्कार घेत होता. तेवढ्यात नवरीचे मामा पुंजाराम खिडकीशी वाकून अहिराणीत म्हणाले.

"आवाज शे का हा? माले वाटनं कोनाचा मोबाइल वाजी राह्यना."

मामानं गाडी थांबवली. मागं गेला, डिकी उघडली, टिकली खरवडली आणि स्क्रू शेवटपर्यंत फिरवला.

पुढची तीन मिनिटं मारुतीच्या देवळातली घंटा आपोआप वाजली. पुजाऱ्याच्या ताटातला नारळ घरंगळत गटारीत गेला. पुंजाराम काहीतरी बोलत होते, पण त्यांचे नुसते ओठ दिसत होते. मामाच्या आयुष्यात याहून मोठा दिवस आला नव्हता.

मग डिकीतून धूर आला. स्वराजच्या आजी भागीबाईंनी डोळे मिटून हात जोडले. "देवाला धूप लय चांगला लावलाय."

सगळं शांत झालं. बँड नव्हताच. नवरदेव वाजवल्याशिवाय मांडवात जाणार म्हणजे मामाचं नाक कापलं जाणार. मामानं हॉर्न धरला. पॅं-पॅं, पॅंपॅंपॅं! पोरं त्यावरही नाचली. मामा सांगू लागला, "हा साउंड कंपनीचा हाय, याला वॅट लागत नाय."

मांडवाच्या दारात हॉर्न अडकला आणि वाजतच राहिला.

मंगलाष्टकं सुरू झाली होती. मामानं नवरदेवाच्या मागं उभं राहायचं असतं, म्हणून गाडी लॉक करून, किल्ली खिशात टाकून हिरामणमामा मानाच्या जागी ताठ उभा होता. लोक हातवारे करून किल्ली मागत होते. त्याला वाटलं, कौतुक चाललंय. तो मान हलवत राहिला.

चौथ्या मंगलाष्टकाला गाडीची बॅटरी संपली. नवरी पुंजाराममामांच्या गाडीतून सासरी गेली.