बाबांच्या नावाचा बलून

दादूसला मी माफ करणार नाही. लोक म्हणतात, "हेमाली, सख्खा भाऊ आहे." असेल! म्हणूनच तर जास्त लागलं.

आमच्या घरची रीत अशी : घरातलं माणूस गेलं, की येणाऱ्या पहिल्या दिवाळीला त्याच्या नावाचा कागदी बलून सोडायचा. एकदाच. आणि पेटवायचा मुलानेच. माझे बाबा, अनंता, अख्ख्या गावाला बलून करून द्यायचे. यंदा त्यांचा मी केला. पतंगाचा कागद खळीने चिकटवला, खाली बांबूच्या कामटीचं कडं, मधे तारेवर रॉकेलचा बोळा. 'अनंता' हे नाव आईने स्वतः काढलं. तिला तेवढंच लिहिता येतं.

बाबा सांगायचे, आतली हवा तापली की हलकी होते, बाहेरची गार हवा जड असते, ती तिला वर ढकलते. म्हणून बलून पहाटेच सोडायचा. ऊन आलं की बाहेरचीही हवा हलकी, मग ढकलणार कोण? हे दादूस त्यांच्या मांडीवर बसून शिकला.

लग्न झाल्यापासून भावेशदादूस मानकोलीला सासऱ्याच्या गोडाऊनवर असतो. "पहाटे येतो, थांबा," म्हणाला. आम्ही अंगणात थांबलो. झुंजुमुंजू झालं तशी मी म्हटलं, "आये, मी पेटवते."

"न्हाय गो बाय. पोराचा हात लागू दे. येल तो."

तेवढ्यात मानकोलीच्या अंगाला एक बलून चढला. काय सरळ गेला! आई बघतच राहिली.

दादूस आला तेव्हा पत्रे तापले होते. त्याने बोळा पेटवला. बलून फुगला, पण उचलेचना. कसाबसा वळचणीपर्यंत गेला, कलंडला आणि पेटला. आईने काढलेलं नाव आमच्या डोळ्यांदेखत जळालं. ती मटकन ओट्यावर बसली.

"उन्हाचा उडतो काय? बाबा सांगायचे ना," दादूस म्हणाला. मोठा शहाणा!

"मग पहाटे कुठं मेला होतास?"

"सासऱ्यांचा सोडायचा होता. पाहुणे जमलेले, त्यांना थांबा कसं सांगू? तुम्ही काय, घरचीच माणसं." वर नव्या कॅमेऱ्याच्या मोबाइलवर फोटो दाखवला. मघाचा तोच बलून, त्यावर लाल अक्षरं : केसरीनाथशेठ. जित्या माणसाचं नाव!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "बाबांची पहाट सासऱ्याला वाहिलीस? लाज कशी नाही वाटली रे?"

आई उठली. डोळे पुसले, माझ्याकडे वळली.

"उद्या पहाटेला दुसरा कर, बाय. पेटव पन तूच."

"मी थांबतो मग आज," दादूस पुटपुटला.

"नको," आई म्हणाली. "तू जा. तुझी घरची मानसं मानकोलीला हायत."