माझ्या पोटातला कोंडा

मी जीप बोलतेय, आणि रागानं बोलतेय. गोड आठवणी ऐकायला आला असाल तर दुसरं दार बघा.

माझा जन्म चौसष्ट सालचा, मुंबईकडच्या कारखान्यातला. तिथून एका सरकारी खात्यात आले आणि भंडाऱ्याच्या रानावनातून साहेब लोकांना हिंडवत राहिले. नाले, दगड, धानाच्या बांधीतला चिखल, काही म्हणून सोडलं नाही. शेवटी कंबर गेली, स्प्रिंगचे पाटे तुटले, गिअर बदलताना पोटातून कुत्र्यासारखी गुरगुर यायला लागली. खात्यानं मला लिलावात काढलं. त्याचं वाईट वाटलं नाही. म्हातारपण कुणाला चुकलंय?

पण मला उचललं भैय्यालालनं. पवनीच्या रस्त्याला त्याचा जुन्या गाड्यांचा धंदा. अंगात पांढरेशुभ्र कपडे, तोंडात पान, आणि जिभेवर नुसती साखर. त्यानं मला हिरवा रंग फासला. किलोमीटरचा काटा मागं फिरवून माझी अर्धी वणवण पुसून टाकली. एवढ्यावर थांबला असता तर मी माफही केलं असतं. पण एका दुपारी मेल्यानं माझ्या गिअरबॉक्सचं तोंड उघडलं आणि दाट तेलात धानाचा बारीक कोंडा कालवून आत ओतला. कोंडा गिअरच्या दातांमध्ये बसला की आवाज मरतो. मग थोड्याच दिवसांत दातही मरतात.

"आता कशी मुकी झाली!" असं म्हणून तो हसला. ते हसणं मी विसरले नाही.

मला विकत घेतलं आसगावच्या इश्वरनं. हा माणूस उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्यांचे ट्रक चालवत आलेला. त्याच्या हाताचं नाव होतं. बाळंतीण दवाखान्यात न्यायची असली की घरचे आधी विचारायचे, "इश्वरभाऊ हाय ना चालवाले?" आता स्वतःच्या गाडीवर आसगाव ते पवनी सवाऱ्या न्यायच्या, एवढं एकच स्वप्न त्यानं पाहिलं होतं.

"गाडी म्हंजे सोना हाय सोना," भैय्यालाल त्याला म्हणाला. "गिअरबॉक्स आताच नवा भरून देला. वर्षभर त्याले हात लावू नोको, नाहीतर माही जिम्मेदारी नाही."

आणि इश्वरनं ऐकलं! भला माणूस, दुसऱ्याच्या शब्दाला शब्द समजणारा. बाकी माझं त्यानं काय केलं नाही? इंजिनचं ऑइल बदललं. रेडिएटरमधला गाळ धुऊन काढला. ब्रेक नीट केले. पाट्यांच्या खाली आडवा पडून एकेका सांध्यात ग्रीस भरलं. त्याची बायको धुरपता सीटांची फाटकी कातडी सुईदोऱ्यानं शिवायची आणि माझ्याशी बोलायची. "तू आमची लक्ष्मी हायेस माय, धोका देऊ नोको." माझा जीव नुसता तडफडायचा. अगं बाई, सगळं उघडता, मग पोट तेवढं का उघडत नाही?

व्हायचं तेच झालं. बाजाराच्या दिवशी, भरल्या गाडीनिशी, पवनीच्या अलीकडं माझा गिअर अडकला. आतून कडकड झाली आणि मी जागीच बसले. बाया उतरल्या, टोपल्या उतरल्या, कोंबड्या उतरल्या. सगळे चालत बाजारात गेले, आणि तिथं भैय्यालाल बत्तिशी दाखवत उभाच होता.

"गाडी एक नंबर होती," तो चारचौघांत सांगत सुटला. "पण इश्वरचा हात जड. गिअर तोडला ना त्यानं!"

झालं. ड्रायव्हरचं नाव गेलं की उरतं काय? महिनाभर इश्वरला कुणी ट्रकवर घेईना, की सवारीला बोलवीना. ज्या ट्रकवाल्यांनी त्याला मांडीला मांडी लावून जेवू घातलं होतं, ते रस्ता बदलून जायला लागले. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली.

एके दिवशी घरच्या अंगणात इश्वरनं माझ्या गिअरबॉक्सचं वरचं झाकण खोललं आणि आत बोट घातलं. काळा लगदा वर आला. धुरपतानं तो चिमटीत घेऊन चोळला. धान पाखडण्यात जन्म गेलेली बाई ती, तिला काय सांगायला पाहिजे?

"हा तं कोंडा हाय," ती म्हणाली.

इश्वरचा चेहरा उतरला. "जाऊ दे. धुऊन टाकतो."

"थेंबभर धुवाचा नाही! त्याच्या दारात धुऊ."

तिनं इश्वरला माझा चाकांकडं जाणारा शाफ्ट काढायला लावला, म्हणजे चाकं मोकळी फिरतील. मग घरचे बैल जुंपले. भर बाजारातून, बैलांनी ओढलेली जीप! लोक पोट धरून हसले.

"काहून वं धुरपता, पेट्रोल महाग झाला का?"

"चाला ना मांगं मांगं, समजंल," ती म्हणाली. अर्धा बाजार मागं आला. एवढ्या ऐटीत मी साहेबाला घेऊनही कधी चालले नव्हते.

भैय्यालालच्या आवारात तेव्हा करडी गावचे यादोराव नावाचे मोठे शेतकरी दुसरी एक जीप घ्यायला आलेले. सौदा जवळजवळ ठरलेला. धुरपतानं मला फाटकात उभं केलं. इश्वर खाली शिरला, गिअरबॉक्सच्या तळाचं बूच फिरवलं, आणि माझ्या पोटातलं सगळं भदाभदा बाहेर आलं. काळं तेल, तुटके दात आणि कोंडाच कोंडा. काय मोकळं वाटलं म्हणून सांगू!

भैय्यालाल डगमगला नाही. "यानंच भरला असंल! मले बदनाम कराले!"

लोक इश्वरकडं बघायला लागले. तो घामाघूम. तेवढ्यात यादोराव उठले आणि आपण घेत असलेल्या जीपवर थाप मारून म्हणाले,

"भैय्यालालजी, या गाडीले तं इश्वरनं हात लावला नाही ना? मंग हिचाही बूच खोला."

भैय्यालाल चटकन त्या जीपपुढं आडवा झाला.

एवढंच. मग मागून एक म्हातारी खुदकन हसली आणि सगळं आवार हसायला लागलं. यादोराव सौदा मोडून निघाले. जाता जाता इश्वरला म्हणाले, "मी गाडी घेईन तवा पाहाले तूच ये, आन् चालवाले बी तूच."

धुरपता मात्र हलली नाही. "ज्या बाजारात आमची बदनामी केली, त्याच बाजारात उभं राहून चूक कबूल करा," तिनं बजावलं. "तवर गाडी इथंच ऱ्हाईल." मला फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला लावून, कुणी हलवू नये म्हणून स्टिअरिंग काढून ती घरी घेऊन गेली.

तो कधी कबूल झाला नाही. आता सत्त्याऐंशी साल चालू आहे. इश्वर यादोरावांच्या गाडीवर आहे, आणि मी अजून इथंच आहे. चाकं मातीत रुतलीत, टपावर शेळ्या चढतात. गिऱ्हाईक आलं की विचारतं, "ही कोणाची?" समोरचा पानठेलेवाला सगळी हकीकत रंगवून सांगतो, आणि गिऱ्हाईक चहा न पिताच परत जातं. आवारात आता दोनच गाड्या उरल्यात.

परवा भैय्यालाल आसगावला जाऊन आला म्हणे. "नवा गिअरबॉक्स टाकून देतो, रंग मारून देतो, पण ने बाबा तिले." इश्वर विरघळायला आला होता. धुरपतानं दार लावून घेतलं.

म्हणून ही विनंती. बाकीच्या जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला सांभाळा, आम्हाला सडू देऊ नका. मी हात जोडून उलटं मागते. इश्वर, तू भला आहेस, पण या वेळी भला होऊ नकोस. मला दुरुस्त करू नकोस, तेलाचा थेंबही देऊ नकोस. मला इथंच, असंच गंजू दे. रोज सकाळी भैय्यालाल फाटक उघडतो, माझ्याकडं बघतो आणि मान खाली घालतो. ते बघण्यासाठी मी अजून पुष्कळ वर्षं टिकणार आहे.