पत्ते पिसू नकोस, सेवेक!

मित्रांनो, मी ब्रिजच्या खेळातली एक जुनी पाटी आहे. अंग लाकडाचं, कप्पे चार, पाठीवर सातचा आकडा. प्शेमिशल गावच्या एका सुताराने मला सान नदीकाठच्या क्लबासाठी घडवलं. माझ्या कप्प्यांत चौघांचे पत्ते बसतात. एका खोलीत डाव झाला की तेच पत्ते घेऊन मी दुसऱ्या खोलीत जाते आणि तिथले चौघे तोच डाव खेळतात. त्यामुळे नशिबाच्या नावाने खडे फोडून कोणाची सुटका होत नाही. माझं फार कौतुक व्हायचं तेव्हा! मला धास्ती होती ती फक्त सेवेरिनच्या हातांची.

सेवेरिन, लाडाने सेवेक, आणि त्याची थोरली बहीण लुडविका वर्षानुवर्षे भिडू होते. ब्रिजमध्ये खेळलेलं पान जो तो आपल्यापुढेच ओळीने पालथं ठेवतो. डाव संपल्यावर ओळ उलटली की चूक नेमकी सापडते. सेवेरिन मात्र हरला रे हरला की ओळ विस्कटून पत्ते पिसून टाकायचा.

लीगच्या शेवटच्या सामन्याआधी लुडविकाने चहाचा पेला खाली ठेवला.

"सेवेक, चुकलास तर चुकलास. पण आज पत्ते पिसलेस, तर उद्यापासून दुसरा भिडू शोध."

"झाली तुझी शाळा सुरू! ताई, तुझ्याशिवाय मला सहन कोण करणार गं?"

"तेच म्हणतेय मी."

ती हसली नाही. बाहेर नदीवर धुकं साचलं होतं आणि भर दुपारी दिवे लावावे लागले होते. मला टेबलावर ठेवलं, तेव्हा माझ्या पोटात काय दडलंय ते मला एकटीलाच ठाऊक होतं.

बोली सेवेरिनची ठरली. नियमाप्रमाणे लुडविकाने आपले पत्ते उघडे मांडले. आता दोघांचेही पत्ते तोच खेळणार आणि तिने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. तिच्याकडे चौकटची लांब रांग होती, पण ज्या बाजूने हात जिंकला तिथूनच पुढचं पान निघतं; म्हणून नंतर तिच्या पत्त्यांकडे पोचायला वाट एकच, तिचा किल्वरचा एक्का. प्रतिस्पर्ध्याकडून पहिलंच पान किल्वरचं आलं. सेवेरिनच्या हातात राजा होता, तेवढ्यावर भागलं असतं. त्याने घाईघाईत एक्का मागितला. लुडविकाने तो पुढे सरकवला. चौकटची रांग शेवटपर्यंत तिथेच अडकून पडली आणि डाव बुडाला.

सेवेरिनचा हात ओळीकडे गेला.

"राहू दे तशीच," लुडविका हळूच म्हणाली. "फक्त पहिलं पान उलट."

"नशीबच फुटकं, त्यात काय बघायचंय!" म्हणत त्याने पत्ते पिसले.

पलीकडच्या खोलीत तेच पत्ते घेऊन प्रतिपक्षाच्या एका मुलीने आधी राजा घातला आणि डाव जिंकला. आमचा सामना गेला. लुडविकाने कोट चढवला, माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि ती निघून गेली. आता ती दुसऱ्या कोणाची तरी भिडू आहे.

क्लबात प्लास्टिकच्या पाट्या आल्या, मी कपाटात धूळ खाते. अधूनमधून सेवेरिन मला बाहेर काढतो. तोच डाव आठवून चारही कप्पे भरतो, एकटाच खेळतो. ओळ विस्कटत नाही. आता तो राजाच घालतो.

"ताई, आता बरोबर ना गं?" तो विचारतो.

मित्रांनो, आपली चूक दाखवणारं माणूस समोर बसलंय, तोवर पत्ते पिसू नका. सेवेरिनच्या समोरची खुर्ची आता रिकामी असते. मला सगळं ठाऊक आहे, पण ते त्याला सांगता येत नाही.