तीन पिना

विज्ञानाच्या बाईंचा स्टेपलर अख्ख्या शाळेला ठाऊक होता. वर्ष सुरू झालं की शाळेची पुस्तकं वाटण्याआधी बाई स्टाफरूममध्ये ठाण मांडून बसायच्या आणि प्रत्येक पुस्तकातल्या प्रजननाच्या धड्याला तीन पिना ठोकायच्या. "पिन काढलीत तर गाठ माझ्याशी आहे," असं वर्गात बजावायच्या. पोरं कसली ऐकतात! आठवड्याभरात निम्म्या वर्गाने नखांनी पिना उपटलेल्या असायच्या. बाईंना ते माहीत होतं. पण आपण हात झटकले की झालं, नाही का?

त्या दिवशी दहावीतल्या चष्मेवालीची आई शाळेत आली. चष्मेवाली म्हणजे वर्गात पहिली येणारी, बाईंची अगदी लाडकी. तिला पाचवा महिना लागला होता. पोट दुखतंय म्हणून दवाखान्यात नेली तेव्हा कळलं. तोवर त्या बिचारीला स्वतःलाही पत्ता नव्हता.

मुख्याध्यापकांनी दाखला तयारच ठेवला होता.

"सर, परीक्षेला तेवढं बसू द्या हो," आईने हात जोडले. "शाळा सुटली तर तिचे वडील तिला त्या मुलाच्या घरी टाकून येतील. मग संपलंच सगळं."

"बाई, वर्ग तुमचा. तुम्ही म्हणाल तसं," मुख्याध्यापक म्हणाले.

"एवढी हुशार पोर, आणि एवढीही अक्कल नसावी?" बाई कडाडल्या. "पुस्तकात सगळं दिलंय की!"

आईने पिशवीतून पुस्तक काढलं. तिन्ही पिना जागच्या जागी होत्या.

"मी म्हटलं होतं तिला, बाकीच्या वाचतात, तूही बघ. तर म्हणाली, बाईंनी नको सांगितलंय."

बाईंनी तिन्ही पिनांवरून बोट फिरवलं. "बसू द्या तिला," हे शब्द अगदी ओठांवर आले. मग मनात आलं, हे पुस्तक उद्या कुणी वर दाखवलं तर? पिना कुणी मारल्या, असं विचारलं तर?

"पुस्तक शाळेचं आहे, जमा करावं लागेल," असं म्हणत त्यांनी ते आईच्या हातातून काढून घेतलं आणि कपाटात टाकून कुलूप लावलं.

"नको, सर," बाई म्हणाल्या. "बाकीच्या मुलींनी काय धडा घ्यायचा?"

आई दाखला घेऊन गेली. चार दिवसांनी बापाने पोरीला त्या घरी पोचवलं.

नवीन वर्षी बाई पुन्हा ठाण मांडून बसल्या. ठोकता ठोकता कपाटातलं चष्मेवालीचं ते पुस्तक हाती आलं. त्याला पिना होत्याच. बाईंनी ते तसंच वाटपाच्या गठ्ठ्यात ठेवलं आणि पुढचं घेतलं.