झुलाल मास्तरची सुपारी

पाचोऱ्याच्या झुलाल मास्तरला कुणी नुसतं 'झुलाल' म्हटलेलं खपायचं नाही. मास्तर म्हणा, नाहीतर हाकच मारू नका. आणि त्याला ते शोभायचंही. लाल कोट चढवून, ट्रंपेट ओठाला लावून तो वरातीच्या तोंडाशी उभा राहिला, की म्हाताऱ्याकोताऱ्याही ओट्यावर येऊन बसत. पाचोरा, भडगावापासून थेट धुळ्यापर्यंत त्याच्या बँडला सुपारी असायची. तिथी दाट असल्या तर एका दिवसात दोन लग्नं वाजवून माणसं जीपमध्येच झोपत.

पितळी बाजे त्यानं त्र्याऐंशी साली मेरठहून आणले होते, नवे कोरे. त्या वेळी बाजारपेठेतल्या कन्हैयालाल शेटजींनी त्याला वीस हजार रुपये दिले होते. शेटजींचं कापडाचं दुकान होतं, माणूस गोड होता. तारण मागितलं नाही, जामीन मागितला नाही. एका प्रॉमिसरी नोटेवर सही घेतली आणि म्हणाले, "मास्तर, तुमचा शब्द आहे ना, बस." व्याज शेकडा तीन रुपये, महिन्याचं. मुद्दल जमेल तेव्हा. गावातल्या एवढ्या मोठ्या माणसानं आपल्या नुसत्या शब्दावर पैसे दिले, ही गोष्ट झुलाल छाती फुगवून सांगायचा. दर महिन्याला दुकानाच्या पायरीवर चपला काढून तो सहाशे रुपये गादीवर ठेवायचा. शेटजी चहा मागवायचे. त्यांच्या घरी मुंज असो, लग्न असो की नव्या गोदामाची पूजा, बँड फुकट वाजायचा. "आपलंच घर आहे," शेटजी म्हणायचे, आणि झुलाललाही तो मानच वाटायचा.

बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा भटू. पाचोरा स्टेशनवर तो पॉइंट्समन होता. रजा टाकून लग्नं वाजवायचा, आणि त्याच्यासारखा सूर आख्ख्या बँडमध्ये दुसऱ्याचा नव्हता. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात धुळ्याला एक वरात वाजवून सगळे मांडवामागं जेवायला बसले होते. बोलता बोलता भटूनं विषय काढला.

"मास्तर, रागे नका भरू. पण तीन वरीस व्हयनात, तुम्ही शेटले मुद्दलपेक्षा जास्त व्याज दी टाकं. आनि मुद्दल तठेच शे."

झुलालचा घास थांबला. "मंग?"

"मंग काय. मन्हंबी असंच होतं. एका सावकारकडनं कर्ज व्हतं. मी आमनी रेल्वेनी सोसायटीमधून कर्ज काढं, त्याचं बठ्ठं फेडी टाकं. सोसायटीनं व्याज थोडं. आते पगारमधून कटस, आनि मुद्दलबी कमी व्हस. तुम्ही बँकमा जा."

ढोलवाला, खुळखुळेवाला, सगळे ऐकत होते. तेच झुलालला झोंबलं. बँडमास्तरनं घेतलेलं कर्ज त्याच्याच माणसानं पत्रावळीवर मांडावं!

"एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर घालायला सांगतोस?" तो ओरडला. "शेटजींनी कुणी विचारत नव्हतं तेव्हा दिले मला. तू मला शिकवतोस? तू क्लॅरनेट वाजव, हिशेब करू नकोस. नसेल पटत तर चालता हो."

भटू उठला. हात धुतले, क्लॅरनेट पेटीत नीट ठेवली, पेटी झुलालसमोर सरकवली आणि बसस्टँडकडे चालू लागला. पुन्हा तो बँडवर आला नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतरची लग्नं बिनाक्लॅरनेटची वाजली. लोकांच्या ते लक्षात यायचं नाही, पण झुलालला प्रत्येक चालीत भोक दिसायचं. त्यातच साइड ड्रम वाजवणाऱ्या पंडितनं रोज वाढवून मागितला. झुलालनं नाही म्हटलं. द्यायला होतंच काय? पुढच्या आठवड्यात पंडित चाळीसगावच्या बँडला जाऊन मिळाला.

झुलालची बायको कमलबाई बोलायला फार नव्हती. बँडचे कोट ती धुवायची, झालरी शिवायची, माणसांसाठी भाकरी बडवायची. पंडित गेल्याचं कळलं तेव्हा ती कोटाचं बटण लावत होती. दोरा दातानं तोडून ती म्हणाली, "एक विचारू? कमाई चांगली शे. माणसं मरमर करतस. मंग पैसा बठ्ठा कोठे जास?"

"तुला माहीत नाही?"

"माहीत शे. म्हणीसनच विचारी राहिनू. भटूनं खोटं काय सांगं व्हतं?"

झुलाल उठून बाहेर गेला, भडगाव रोडनं बराच लांब चालत गेला. चालताना त्याच्या मनात व्याजाचा आकडा नव्हता. एवढंच येत होतं, की शेटजींच्या घरच्या मागच्या चार कार्यांत बारा माणसांचा रोज त्यानं स्वतःच्या खिशातून दिला होता. तो मान कुणी कुणाला दिला होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्टेशनच्या केबिनपाशी जाऊन उभा राहिला. भटूची ड्यूटी होती. एक मालगाडी निघून जाईस्तोवर दोघंही गाडीकडेच बघत राहिले. शेवटचा डबा गेल्यावर झुलाल म्हणाला, "भटू, त्या दिवशी पंगतीत मी बोललो, ते चुकलं. मी बँकेत जातो आहे. दोन जामीन लागतात, एक तरी पगारदार हवा. होशील का?"

भटूनं हातातली झेंडी गुंडाळली. "व्हई जासू. पण एक अट शे. शेटले बठ्ठा पैसा दिना, की तठलं दार बंद. बँकनं कर्ज चालू असताना त्यानाकडथून एक रुपया घेवाना नही. नहीतर काय व्हस मास्तर, जुनं खातं मोकळं दिसस, आनि माणूस पुन्हा तठेच जास. मंग दोन कर्ज व्हतस. मन्हा साडूनं असंच करं, मी देखेल शे."

"नाही घेणार."

"शेट सवता दी राहिना तरी?"

"स्वतः दिले तरी."

"मंग क्लॅरनेट आणा मन्ही," भटू म्हणाला. "वठ कोरडा पडी गयात."

दुसरी जामीन शेजारच्या सुनंदाबाई झाल्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. नागरी सहकारी बँकेच्या साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "कर्ज कशासाठी? नवीन वाद्यं?"

हो म्हणणं सोपं होतं. सगळे तसंच म्हणायचे. झुलाल म्हणाला, "नाही साहेब. वाद्यं आहेत. त्यांच्यावरचं जुनं कर्ज फेडायचंय. तिथं वर्षाला शंभरावर छत्तीस जातात. तुमच्याकडे सोळा."

साहेबांनी मान वर केली. "वाद्यं बघायला मी घरी येईन. ती तारण राहतील."

ते आले त्या दिवशी कमलबाईनं अंगणात सतरंजी अंथरली होती. राखेनं आणि चिंचेनं घासलेले बाजे उन्हात असे चकाकत होते की साहेबांना डोळे बारीक करावे लागले. त्यांनी युफोनियमच्या पितळी भोंग्यावर बोट आपटून पाहिलं, जसं कुणी मडकं पाहतं. झुलालला ते बघवलं नाही. "साहेब, असं नाही कळत," म्हणत त्यानं ट्रंपेट उचललं आणि लग्नाच्या मिरवणुकीची एक चाल धरली. भटू आलेला होताच. त्यानं क्लॅरनेटवर साथ दिली. गल्लीतली माणसं गोळा झाली. चाल संपली तेव्हा साहेब हातातला कागद विसरून उभे होते. मग त्यांनी खिशातून पेन काढलं.

कर्ज मंजूर झालं, पण बँकेनं शेअर्सचे पाचशे रुपये आधी कापले. तेवढे कमी पडले. सावद्याच्या एका केळीवाल्याकडच्या लग्नाची सुपारी आली होती, तिच्यातून ते भागले. पैसे फडक्यात बांधून झुलाल शेटजींच्या पायरीवर चढला.

शेटजींनी नोटा मोजल्या. मग चष्मा काढला. "मुद्दल? एकदम? मास्तर, आमचं काही चुकलं का?"

"तुमचं काही नाही चुकलं शेटजी. तुम्ही दिले म्हणून बँड उभा राहिला, ते मी विसरणार नाही."

"मग व्याज जड झालं?"

आतापर्यंत झुलालनं या गादीसमोर कधी सरळ उत्तर दिलं नव्हतं. तो म्हणाला, "जड होतं. मला आधी कळलं नाही."

शेटजींनी तिजोरीतून ती जुनी प्रॉमिसरी नोट काढून त्याच्या हातात दिली. चहा मात्र त्या दिवशी आला नाही. आणि महिन्याभरानं शेटजींच्या पुतणीच्या लग्नात चाळीसगावचा बँड वाजला. झुलाल तेव्हा घरीच होता. वरात गल्लीच्या तोंडावरून गेली, तिच्यात पंडितचा ड्रम त्याला ओळखू आला. कमलबाईनं दार लोटून घेतलं. "राहू दे उघडं," तो म्हणाला. "चांगला वाजवतोय."

बँकेला दर महिन्याला तेच सहाशे जायचे, जे पूर्वी शेटजींना जायचे. फरक एवढाच, की आता दर वेळी पासबुकात कर्जाचा आकडा खाली उतरलेला दिसायचा. पण बँक शेटजींसारखी थांबत नसे. आषाढापासून दिवाळीपर्यंत लग्नं नसायची, तरी हप्ता चुकवायचा नव्हता. पहिल्या पावसाळ्यात झुलालनं सायकलवरून गावोगाव फिरून गणपतीच्या मिरवणुका मिळवल्या. दुसऱ्या वर्षापासून उन्हाळ्यातच जास्तीचे पैसे भरून ठेवू लागला. भटूला जामीन म्हणून बँकेचं एकही पत्र जाता कामा नये, ही त्यानं शपथच घातली होती स्वतःला.

खरी परीक्षा एकोणनव्वदमध्ये आली. चाळीसगावच्या बँडनं रोषणाईची गाडी आणली. गाडीवर कॅसिओ, कर्णे, मागं जनरेटर. लोक वेडे झाले. झुलालच्या तीन सुपाऱ्या एका आठवड्यात परत गेल्या. अशात शेटजींचा निरोप आला. दुकानात चहा मागवलेला होता.

"मास्तर, झालं गेलं विसरा," शेटजी म्हणाले. "तुम्हीही गाडी घ्या. पंचवीस हजार आत्ता घेऊन जा. तुमचं खातं आमच्याकडे स्वच्छ आहे. व्याजही अडीच करू."

झुलालच्या डोळ्यांसमोर गाडी उभी राहिली, लाल, वर त्याचं नाव दिव्यांत. हप्ते तर नीट चाललेच होते. एक गाडी आली तर दोन्ही फिटतील, असं कुणीतरी आतून सांगत होतं. आणि मग त्याला भटूचा साडू आठवला, ज्याचं तोंडही त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"शेटजी, मी शब्द दिलाय," तो म्हणाला. चहा मात्र पूर्ण प्याला.

गाडी नव्हती, म्हणून झुलालनं जिथं गाडी जात नाही तिथली लग्नं धरली. यावलकडची केळीच्या बागांमधली गावं, अरुंद बोळ, ओढ्यापलीकडच्या वस्त्या. तिथं बँड पायी चालायचा आणि भटूची क्लॅरनेट आधी पोचायची. सावद्याच्या व्यापाऱ्यांनी एकमेकांना सांगितलं. नव्वदच्या उन्हाळ्यातल्या त्याच्या तिथी माघातच भरून गेल्या. त्याच वर्षी पावसाळ्यात त्यानं बँकेत शेवटचा हप्ता भरला. साहेबांनी स्वतः उठून हात मिळवला. कर्ज फिटल्यावर सगळ्यात आधी झुलालनं काय केलं असेल? गाडी नाही घेतली. बँडच्या प्रत्येक माणसाचा रोज वाढवला. पाचोऱ्यात, चाळीसगावात तेवढा रोज कुणी देत नव्हतं. दिवाळीला पंडित ड्रम काखेत मारून अंगणात येऊन उभा राहिला. कमलबाईनं काही न विचारता त्याच्या मापाचा कोट काढला.

त्या हिवाळ्यात शेटजींची नात प्रेमकुंवर धुळ्याला द्यायची ठरली. शेटजी या वेळी स्वतः झुलालच्या घरी आले. सतरंजीवर बसले.

"मास्तर, वरात धुळ्यात आहे. गल्लीत गाडी वळत नाही. आणि खरं सांगतो, प्रेमकुंवर हट्ट धरून बसलीय. लहानपणापासून तुमचाच बँड ऐकलाय तिनं. आपलंच घर आहे..."

जुनी सवय झुलालच्या जिभेवर आली होती. त्यानं बायकोकडे पाहिलं. कमलबाई चुलीपाशी होती, पण तिचा हात थांबला होता.

"येऊ ना शेटजी," झुलाल म्हणाला. "नातीसाठी तर येऊच. बारा माणसं, दोन दिवस. आमचा दर सगळ्यांना एकच असतो. सुपारी आधी लागते."

शेटजींना राग आला असता तर झुलालला नवल वाटलं नसतं. पण त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला, सुपारीचे पैसे काढले आणि दोन्ही हातांनी पुढं केले. झुलालनंही ते दोन्ही हातांनी घेतले.

धुळ्याच्या त्या बोळात वरात निघाली तेव्हा माणूस माणसाला चिकटून होता. गच्च्यांवर बायका, खिडक्यांत पोरी. बँड पुढं सरकायला जागा नव्हती, म्हणून तो जागीच उभा राहून वाजवू लागला. भटूनं सूर असा उचलला की पंडितनं ड्रम क्षणभर थांबवून त्याला वाट दिली. शेटजी फेटा सावरत गर्दीतून पुढं आले आणि पाहुण्यांना मोठ्यानं सांगू लागले, "आमच्या पाचोऱ्याचा बँड आहे. मास्तर झुलाल!"

झुलालनं ऐकलं. मान न वळवता त्यानं ट्रंपेट आणखी वर उचललं.