एक वायर तपासायची राहिली

मित्रांनो, गाड्यांच्या वायरींतली वीज मोजणारा मी एक जुना मल्टिमीटर आहे. माझा पिवळा रंग विटला आहे, एका कोपऱ्याला तडा गेला आहे. आकडे मात्र अजून अचूक दाखवतो.

माझे मालक गाड्यांचे इलेक्ट्रिशियन. सगळे त्यांना दादा म्हणत. बंद पडलेली गाडी आली की ते आधी माझ्या लाल-काळ्या वायरी बॅटरीला लावत, मग फ्यूज पाहत, मग एकेक जोड. अंदाजपंचे काही बदलायचं नाही, हा त्यांचा नेम. बारा वर्षं मी त्यांच्या हाताशी होतो.

मग गॅरेजात स्कॅनर आला. गाडीला जोडला की पडद्यावर बिघाड हजर! दादा हरखून गेले आणि मी खणात जाऊन पडलो.

एकदा रुग्णवाहिका आली. ती चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, "दादा, चालता चालता मधेच बंद पडते हो."

स्कॅनरने इंजिनाच्या सेन्सरकडे बोट दाखवलं. दादांनी सेन्सर बदलला. पूर्वी त्यांनी बॅटरीपासूनचा एकेक जोडही माझ्याकडून तपासून घेतला असता. पण त्या दिवशी दारात चार गाड्या खोळंबल्या होत्या. खण उघडलाच नाही.

तिसऱ्या दिवशी ती गाडी पुलावर बंद पडली. आत अर्धांगाचा झटका आलेले एक शिंपीकाका होते. दुसरी गाडी येईपर्यंत पाऊण तास गेला.

गाडी ओढून आणली. ताईंनी आवाज चढवला नाही. "वाचले ते. उजवा हात गेला," एवढंच म्हणाल्या.

दादांनी मला बाहेर काढलं. बॅटरी ठीक होती. फ्यूज ठीक. सेन्सरपर्यंत वीजही पोचत होती. मग इंजिन चालू ठेवून त्यांनी माझं एक टोक बॅटरीच्या उणे बाजूला लावलं, दुसरं इंजिनाच्या लोखंडाला. मी जवळजवळ शून्य दाखवलं. त्या दोघांना जोडणारी अर्थिंगची वायर त्यांनी जराशी हलवली मात्र, माझा आकडा उसळला आणि इंजिन गचके खात बंद पडलं. वायरीच्या टोकाखाली गंज चढला होता. घासून परत आवळायला दहा मिनिटं लागली.

"ताई, चूक माझी," दादा म्हणाले. "सेन्सर चांगलाच होता."

संध्याकाळी ते शिंपीकाकांच्या घरी गेले. मी खिशातच होतो. दादांनी सगळं सांगितलं.

"जो तो नशिबाला बोल लावून गेला," काकू म्हणाल्या. "तुम्ही खरं सांगायला आलात. आता पुन्हा घाई करू नका."

काकांनी डावा हात पुढे केला. तो हातात घेताना दादांची मान वर झाली नाही.

मित्रांनो, खणातून बाहेर आल्याचा आनंद मला कधीच झाला नाही. स्कॅनरवर माझा राग नाही. कुठे पाहायचं ते तो सांगतो, खात्री करणं माणसाचं काम. आमची निगा राखा, आमच्या वायरी जपा. आणि गाडी तपासताना तिच्यात उद्या कोण बसणार आहे, ते आधी डोळ्यांसमोर आणा.